दादाच्या नावाचं तिसरं पुष्प

वरवट बकालच्या रस्त्यावरून आत वळलं की थोड्या अंतरावर आमचं गाव लागतं. तिथल्या वाचनालयाची व्याख्यानमाला दर हिवाळ्यात, कपाशीची वेचणी उरकत आली की भरते. शाळेच्या पटांगणात, लागोपाठ तीन दिवस, दिवेलागणीला. एक व्याख्यान चालू घडामोडींवर, एक संस्कृतीवर, एक विज्ञानावर. पहिल्या वर्षी कुणीतरी असं ठरवलं आणि पुढे तेच चालत आलं. आमच्याकडे त्याला व्याख्यान म्हणत नाहीत, पुष्प म्हणतात. पहिलं पुष्प, दुसरं पुष्प, तिसरं पुष्प. आणि प्रत्येक पुष्प कुणाच्या तरी स्मरणार्थ असतं. ज्या घरचं पुष्प, त्या घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून मंचावर टेबलाशेजारी ठेवायचा आणि घरातलं वडीलधारं माणूस पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवायचं. वक्ता मंगळावरच्या पाण्याबद्दल सांगत असतो आणि त्याच्या शेजारून कुणाचे तरी आजोबा फेटा बांधून लोकांकडे बघत असतात. बाहेरच्या वक्त्यांना हे जरा चमत्कारिक वाटतं. मला नाही वाटत. जिवंतपणी ज्यांचे कुणी दोन शब्द ऐकून घेतले नाहीत, त्यांच्या नावानं सारं गाव तासभर गप्प बसतं, हे काही थोडं नाही.

मी खामगावात शाळामास्तर होतो. निवृत्त झालो तरी बिऱ्हाड तिथंच राहिलं, पण व्याख्यानमालेचं सूत्रसंचालन गावानं माझ्या गळ्यात घातलं ते कायमचं. या कामामुळे मी फार वक्ते जवळून पाहिले आणि त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं उरलेलं नाही. बहुतेकांना सगळं माहीत असतं. कपाशीच्या भावाचं काय होईल, देशाचं काय होईल, पोरं का बिघडली, पाऊस का लांबला, कशाचंही विचारा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोकांनाही तसेच वक्ते आवडतात. जो ठासून सांगतो त्याला टाळ्या पडतात, आणि जो ‘असं असावं’ म्हणतो त्याच्या वेळी मागच्या रांगा तंबाखू मळायला लागतात.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी तिसरं पुष्प आमच्या घरचं होतं. माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या स्मरणार्थ. आणि विषय ठरवला होता आमच्या मायनं.

दादाचं सांगण्याआधी पाण्याचं सांगायला हवं. आमचा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. चूल पेटवून पेटवून बाई दमते आणि डाळ तशीच टणक राहते. चहा करायला जावं तर दूध फाटतं. म्हणून घरोघरी एक रीत होती. गावाच्या वरच्या अंगाला एका मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती, तिथून बायका रोज दोन कळश्या आणायच्या. ते गोडं पाणी डाळीला, चहाला आणि पाहुण्याला. घरच्या माणसानं प्यायचं ते आपल्या विहिरीचं खारं. पाहुण्यासमोर खारं पाणी ठेवणं म्हणजे घराची अब्रू गेली. आणि घरच्या माणसाला त्याचं काही वाटायचंही नाही, कारण जिभेला तीच सवय. दादा तर शेतातून आला की वहिनीला सांगायचा, आपल्या विहिरीचंच दे, ते गोडं पाणी पांचट लागतं, तहान भागत नाही.

वहिनी आली ती जळगाव जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिच्या माहेरी पाणी गोडं. गोड्या पाण्याची कळशी वेगळी ठेवायची, तिला घरच्यांनी हात लावायचा नाही, हे तिला मायनंच शिकवलं. नव्या नवरीनं एकदा चुकून त्या कळशीतलं पाणी दादाला दिलं म्हणून माय तिला दिवसभर बोलली होती. मी तेव्हा घरी होतो, मला चांगलं आठवतं. वहिनी पुन्हा कधी चुकली नाही.

पुढे दादाचे पाय सुजायला लागले. वेचणीचा शीण असेल म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. मग चेहरा सुजला, जेवण जाईना, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा वहिनी त्याला एसटीनं डायलिसिसला घेऊन जायची. खिडकीची जागा त्याला देऊन स्वतः उभी राहायची. अशा येरझाऱ्यांमध्येच तो एका उन्हाळ्यात गेला. आमच्या भागात असा जाणारा तो पहिलाही नव्हता आणि शेवटचाही नाही.

त्याच्या तेरवीला, पंगत उठल्यावर, सगळ्या बायकांसमोर माय वहिनीला म्हणाली, “पाहुन्यायले गोडं पाजलं अन् माह्या लेकाले खारं.”

वहिनी पदर ओढून आत गेली. पण ते वाक्य घरात राहायला आलं ते गेलं नाही. त्या दिवसापासून मायनं वहिनीच्या हातचं पाणी घेतलं नाही. भाकरी घ्यायची, भाजी घ्यायची, पाणी मात्र स्वतःची वेगळी कळशी, स्वतःचा पेला, गुडघे धरून स्वतः उठायची. आणि तिनं वहिनीला हाक मारणं सोडलं. आधी ‘बाई’ म्हणायची, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं. नंतर नुसतं ‘ते भांडं दे’, ‘दार लाव’. मी दोनदा कडाकडा भांडलो. म्हटलं, कळशीचा नियम तुझा, आणि दोष तिला काऊन? माय म्हणाली, तू खामगावचं पानी पेऊन बोलून राह्यला, तुले काय समजते. तिचं दुःख खरं होतं, पण त्या दुःखाखाली तिनं दुसरं माणूस दाबून टाकलं होतं, आणि याचा मला आजही राग येतो. नात्यातल्या बायका आल्या की कुजबुजायच्या. कुणी वहिनीला धीर द्यायचं, तेही असं की धीर नको वाटावा: जाऊ दे, तुले काय माहीत होतं व.

पुढे गावात नळ आले, धरणाचं पाणी आलं. गोडं पाणी सगळ्यांच्याच घरात आलं. आमच्या घरात मायची कळशी तशीच राहिली, नळाचंच पाणी भरलेली.

व्याख्यानमालेच्या बैठकीत त्या वर्षी विज्ञानाच्या पुष्पाला अंतराळ घ्यावं असं चाललं होतं. मायनं निरोप पाठवला की आपल्या घरचं पुष्प आहे तर विषय किडनीचा घ्या, मोठा डॉक्टर आणा, पाण्याचं काय ते सगळ्या गावासमोर सांगू द्या. समितीला आनंद झाला, विषय जिव्हाळ्याचा. मायला काय हवं होतं ते मला मात्र कळत होतं. तिला जाणत्या माणसाच्या तोंडून, दादाच्या फोटोसमोर, आपलं वाक्य खरं ठरवून हवं होतं.

वहिनीलाही ते कळलं होतं. तिनं एवढंच सांगितलं की मी व्याख्यानाला बसणार नाही, चहाचं बघीन. गावच्या कार्यक्रमात चहा करायला माणसं कमी नव्हती, पण मी हो म्हटलं.

पहिल्या पुष्पाचे वक्ते नेहमीसारखेच सर्वज्ञ होते. तासाभरात त्यांनी जगातली सगळी युद्धं मिटवली आणि जाता जाता सोयाबीनचा भावही सांगितला. टाळ्यांनी पटांगण दणाणलं. दुसऱ्या दिवशी जात्यावरच्या ओव्यांवर एक बाई बोलल्या. आमच्या म्हाताऱ्यांनी मध्येच त्यांच्या ओव्या दुरुस्त केल्या आणि मग स्वतःच गायला लागल्या. बाईंनी शहाणपणानं माईक त्यांच्याकडे दिला. तो दिवस छान गेला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या. मोठ्या शहरातल्या किडनीच्या तज्ज्ञ, वयानं माझ्या मुलीएवढ्या, बारीक अंगाच्या. आपली गाडी शाळेबाहेर ठेवून एकट्याच आत आल्या आणि आधी फोटोपाशी गेल्या. हे कोण, काय वय होतं, किती दिवस डायलिसिस चाललं, असं हळू आवाजात मला विचारलं. इतकी वर्षं वक्ते फोटोला हात जोडतात, पण फोटोतल्या माणसाबद्दल कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. माझी बायको शाल-श्रीफळ घेऊन पुढे आली. माय पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, काठी दोन्ही हातांत धरून बसली होती. वहिनी पार मागे, शाळेच्या भिंतीशी मांडलेल्या टेबलापाशी, चहाचं पातेलं आणि पाण्याचा माठ यांच्याजवळ उभी.

पटांगण खच्चून भरलं होतं. संग्रामपूरकडूनही माणसं आली होती. ज्यांच्या घरात कुणी गेलं होतं, कुणी आजारी होतं, ते सगळे आले होते, आणि तशी घरं आमच्याकडे बरीच आहेत. डॉक्टरांचं बोलणं साधं होतं. किडनी काय काम करते, ती थकते तेव्हा माणसाला बराच काळ कळतच नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. उन्हात राबताना पाणी कमी पिणं, अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं खात राहणं, साखर, रक्तदाब. आणि पाणी. पाण्यावर आल्या तेव्हा मागची तंबाखू मळणारी माणसंही थांबली. त्या म्हणाल्या की या भागातल्या पाण्यावर आमचा संशय आहे, दाट संशय आहे, तपास चालू आहे. पण पाण्यातला नेमका कोणता घटक, किती, कुणाला आणि का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. एकाच विहिरीचं पाणी पिणारे दोन भाऊ असतात, एकाला होतं आणि एकाला होत नाही.

लोक हिरमुसले. पुढच्या रांगेतले एक पुढारी, मोर्चा काढण्याच्या तयारीनंच आलेले, चुळबुळ करायला लागले. मी मायकडे पाहिलं. तिचा चेहरा तसाच होता.

प्रश्नांची आमची पद्धत चिठ्ठीची आहे. एका वर्षी उभं राहून प्रश्न विचारण्यावरून हाणामारीची वेळ आली, तेव्हापासून प्रश्न कागदावर लिहून द्यायचा आणि तो मी वाचायचा. त्यामुळे भांडणं थांबली आणि बायकांचे प्रश्नही थांबले, कारण चिठ्ठ्या पुरुषांच्या रांगांतूनच फिरतात. त्या दिवशी मी पाचसहा चिठ्ठ्या वाचल्या. काकडीचा रस चालतो का, मुतखडा आणि हे एकच का, असलं काही. डॉक्टरांनी उत्तरं दिली आणि मग मला थांबवून म्हणाल्या, इतक्या बायका बसल्या आहेत, त्यांचं काहीच विचारायचं नाही का? चिठ्ठी राहू द्या, उभं राहून विचारा.

बायका एकमेकींकडे बघून पदर सावरायला लागल्या. कुणी उठेना. मी आभाराचा कागद काढला. तेवढ्यात मागून, भिंतीकडून आवाज आला. वहिनीचा. ती माठावर एक हात ठेवून उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पटांगण गप्प झाल्यामुळे सगळीकडे ऐकू गेला.

“डाक्टरीन ताई, आमच्या इकडे गोडं पानी पाहुन्यायले ठेवत जात. घरचे खारं पेत. तो फोटो माह्या मालकाचा आहे. मी त्याहिले इतके वर्सं खारं पानी देलं. गोडं देलं असतं तर ते वाचले असते का?”

सगळ्या माना वळल्या. आधी वहिनीकडे, मग फोटोकडे, मग मायकडे. गावात ते वाक्य ठाऊक नसलेलं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता या डॉक्टर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. ‘तसं काही नाही हो, मनाला लावून घेऊ नका.’ वहिनीला तसलं बोलणं इतकी वर्षं मिळालं होतं आणि त्यानं तिचं काही भलं झालं नव्हतं. किंवा हो म्हणतील. तो विचार मला पुढे करवेना.

डॉक्टर माईक बाजूला ठेवून मंचावरून खाली उतरल्या आणि बायकांच्या रांगांमधून वाट काढत मागे, टेबलापर्यंत गेल्या. वहिनीसमोर उभं राहून म्हणाल्या, “मला माहीत नाही.”

आणि जरा थांबून, “मी हेच शिकले, रोज हेच काम करते, तरी एका माणसाच्या बाबतीत मी हे सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. वाचले असते, असंही नाही आणि नसते वाचले, असंही नाही. तुम्हाला कुणी नक्की सांगत असेल तर त्यांना विचारा, की तुम्हाला कसं कळलं.”

वहिनीनं मान हलवली. मग तिनं माठातून पेला भरला आणि त्यांना दिला. डॉक्टरांनी तिथंच उभ्या उभ्या तो पिऊन टाकला.

कार्यक्रम संपल्यावर लोकांत नाराजी होती. इतक्या दुरून बोलावलं आणि माहीत नाही म्हणते, मग आपल्यात आणि तिच्यात फरक काय, असं एकदोघांनी मला ऐकवलं. पुढारी तर म्हणाले की पुढच्या वर्षी जरा ठाम वक्ता बघा. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. इतक्या वर्षांत आमच्या मंचावरून ‘माहीत नाही’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले होते, आणि ते ऐकून माझं डोकं आपोआप आदरानं झुकलं होतं.

घरी आलो. वहिनीनं भाकरी टाकल्या, पिठलं केलं. माय भिंतीला टेकून पाटावर बसली, मी समोर, माझी बायको वाढायला. दादाचा फोटो परत खुंटीवर गेला होता, ताज्या हारासकट. मग माय माझ्याकडे बघत म्हणाली की ती डॉक्टरीण शेवटी काय म्हणाली, मले नीट ऐकू नाही आलं. तिचे कान शाबूत आहेत. गल्लीतलं बोलणं तिला घरात बसून ऐकू येतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेली वहिनी बोलली. तव्यावरून नजर न काढता.

“माहीत नाही म्हने, आत्याबाई. इतकी शिकेल बाई, तिले माहीत नाही म्हने.” तिनं भाकरी उलटली. “तुमाले कसं माहीत झालं होतं?”

त्या बोलण्यात भांडण नव्हतं. टोमणाही नव्हता. डॉक्टरांनी विचारायला सांगितलं होतं, तसं तिनं विचारलं. इतकी वर्षं न विचारलेलं. माझी बायको वाढता वाढता थांबली.

मायचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ती ताट सारेल, ओरडेल, दादाचं नाव घेऊन रडेल. हे सगळं ती पूर्वी करून चुकली होती. पण तिनं तसं काही केलं नाही. ती फोटोकडे बघत राहिली. तिचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसला. दादा गेला तेव्हा ती इतकी म्हातारी नव्हती, आणि त्या दिवसापासून ती कुणावर तरी रागावून तगली होती, हे मला तेव्हा समजलं. तो राग काढून घेतला तर तिच्याकडे फक्त मेलेला मुलगा उरत होता.

“मलेबी नव्हतं माहीत, बाई,” माय म्हणाली.

वहिनी तशीच बसून होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती काढून बाजूला ठेवली. मग उठली, मायच्या कळशीकडे न जाता आपल्या माठाकडे गेली, आणि पेला भरून मायच्या ताटाशी ठेवला. मायनं घास ताटात ठेवला, हात लुगड्याला पुसला आणि पेला उचलून ती पाणी प्यायली.